वीतभर अंतर

१९८५ साल होतं. ईस्टर होऊन दहा-बारा दिवस झाले होते. सेबू शहरात, बंदराजवळच्या एका हॉटेलात समुद्रशेतीवाल्यांची परिषद भरली होती, गुरुवार ते शनिवार. त्या काळी परिषदेला जायचं म्हणजे घरच्या लग्नाला निघाल्यासारखी तयारी असे. प्रत्येक जिल्ह्याच्या बायका एकाच रंगाचे कपडे शिवून घेत, दुसऱ्या संध्याकाळी आपापल्या भागाचा नाच करून दाखवत, आणि परतताना ऑफिसातल्या एकूण एक माणसासाठी सुकवलेल्या आंब्याचं पाकीट नेत.

नीनिंग ओतिदा मात्र एक बरणी आणि ओल्या फडक्यात बांधलेलं गाठोडं घेऊन आली होती.

ती एकोणतीस वर्षांची होती. बोहोल बेटाच्या उत्तरेला उथळ समुद्रात बागाकाय नावाचं बेट आहे, तिथली. मत्स्यखात्याच्या जिल्हा ऑफिसात करारावर नोकरीला होती. बेटावरची ऐंशी घरं पूर्वी बाटल्यांत स्फोटकं भरून मासे मारत. तिच्या भावाचा, प्रिमोचा, उजवा हात त्यातच मनगटापासून गेला. त्यानंतर चार वर्षं खपून नीनिंगनं घराघरात जाऊन लोकांना गुसो लावायला शिकवलं. गुसो म्हणजे समुद्रातलं शेवाळ. दोरीला त्याचे तुकडे बांधायचे, दोरी खुंटांना ताणायची, दीड-दोन महिन्यांनी कापून वाळवायचं आणि विकायचं. बाटल्या बंद झाल्या होत्या. आणि आता मार्चपासून दोऱ्याच्या दोऱ्या पांढऱ्या पडत होत्या. आज फांदीवर बर्फासारखा ठिपका, तर चार दिवसांनी फांदी तुटून तळाला.

निघताना धक्क्यावर नोंग ताशो उभे होते; तिकडे थोरल्या पुरुषाला नोंग म्हणतात, थोरल्या बाईला नांग आणि धाकट्या मुलीला इंदाय. नात्यानं तिचे काका, आणि बाटल्या भरण्यात बेटावर त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"रविवारपर्यंत थांबतो, इंदाय," ते म्हणाले. "प्रार्थना झाली की तुझ्या शहाण्या लोकांनी काय सांगितलं ते सांग. सांगण्यासारखं नसेल तर खुंट उपटून चुलीत घालू. बाटल्या धुवून ठेवल्यात मी."

प्रिमो शेजारीच उभा होता.  त्याच्या बाहीचं रिकामं टोक वाऱ्यावर हलत होतं.

म्हणून ती बरणी. तिच्यात पांढरं पडलेलं गुसो होतं. गाठोड्यात त्याच दोरीवरचे, अजून धड दिसणारे तुकडे होते. रोग कुठून सुरू होतो ते जाणत्या माणसाला दोन्ही शेजारी ठेवून दाखवायचं, असं तिनं ठरवलं होतं. वहीच्या पहिल्या पानावर एकच ओळ लिहिली होती: गुसो पांढरं का पडतं?

हॉटेलच्या खोलीत तिच्याबरोबर नांग बीसिंग होती. ऑफिसातली टंकलेखिका, पन्नाशीची, अंगानं भरलेली. ही तिची अकरावी परिषद.

"पहिल्यांदाच आलीस ना? मग ऐक," पलंगावर बसून पायाला तेल चोळत ती म्हणाली. "पहिल्या रांगेत बसायचं नाही, तिथं झोप लागली तर सगळ्यांना दिसते. कोणी पत्ता दिला तर त्याच कागदाच्या मागं लिहायचं, हा काय बोलला आणि याचं नाक कसं होतं. नाहीतर घरी गेल्यावर सगळे जोसे सारखेच. आणि तिसरं महत्त्वाचं. प्रत्येक जेवण वेगळ्या टेबलावर. आपल्याच लोकांबरोबर जेवायचं तर एवढ्या लांब बोटीत ओकत कशाला यायचं?"

"मला फक्त त्या जपानी डॉक्टरांना भेटायचंय, नांग."

"सगळ्यांनाच त्यांना भेटायचंय. फोटोसाठी."

आणि तसंच झालं. डॉ. मोरिवाकी चार समुद्रांतल्या शेवाळांचे रोग अभ्यासून आलेले. गुरुवारी त्यांचं भाषण संपलं तसा बायकांनी गराडा घातला. एकेक जिल्हा येऊन फोटो काढून जात होता. नीनिंग रांगेत उभी राहिली, आणि तिचा नंबर यायला चार माणसं उरली असताना मागून हाक आली.

"नीनिंग, नाचाच्या टोप्या कुठं ठेवल्यास?"

सर आम्पेर. जिल्हा ऑफिसचे प्रमुख. इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशात तीन पेनं. माणूस वाईट नव्हता. वर जायची घाई झालेला होता, एवढंच. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एक पुस्तिका काढली होती, 'दुप्पट लावणी'. त्यावर शुक्रवारी दुपारी ते बोलणार होते, आणि त्यातलं उदाहरण बागाकाय बेटाचं होतं. तक्ते उलटायला नीनिंगच हवी होती.

टोप्या शोधून ती परत आली तेव्हा रांग संपली होती. डॉक्टर लिफ्टपाशी पोचले होते. ती धावली. आयुष्यात इतक्या मोठ्या माणसाला तिनं कधी अडवलं नव्हतं. लाजेनं कान तापले, पण तोंडून प्रश्न निघाला.

डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं. "बघितल्याशिवाय मी काही सांगू शकणार नाही. नमुना आहे?"

"आहे."

"उद्या दीड वाजता माझी गाडी विमानतळाला निघते. एक वाजून वीस मिनिटांनी दारापाशी या. दहा मिनिटं देतो."

त्या रात्री तिनं न्हाणीघरातल्या टोपलीएवढ्या प्लास्टिकच्या टबात समुद्राचं पाणी ओतलं. पाण्याचा डबा तिनं घरूनच आणला होता. त्यात दोन्ही नमुने वेगवेगळे ठेवले आणि घड्याळ उशाशी घेऊन झोपली.

शुक्रवारी सकाळभर नाचाची तालीम चालली. साडेबाराला सुटका झाली. तालमीतून निघताना तिनं मनात हिशेब केला. जेवायचं नाही. वर जायचं, नमुने घ्यायचे, दारापाशी पंधरा मिनिटं आधी उभं राहायचं. पण सरांनी तक्त्यांच्या गुंडाळ्या सभागृहात नेऊन लावायला सांगितल्या, आणि ती खोलीचं दार उघडून आत शिरली तेव्हा एक वाजून पाच मिनिटं झाली होती.

टब धुवून पालथा घातलेला होता.

तिनं पलंगाखाली पाहिलं, खिडकीत पाहिलं, कचऱ्याची टोपली उलटी केली. टोपलीच्या तळाशी पांढरट, चिकट काहीतरी कागदात गुंडाळलेलं होतं. बरणीतलं. ते हातात येताच विरघळल्यासारखं झालं. गाठोडं कुठंच नव्हतं. फक्त फडकं पिळून दोरीवर वाळत घातलं होतं, नीट, चार टोकं जुळवून.

ती जिन्यानं खाली आली. चार मजले.

जेवणघरात नांग बीसिंग कोपऱ्यातल्या टेबलावरून हात करत होती. "ये गं इंदाय, कधीची वाट बघतेय. तुझी कोशिंबीर केली. हॉटेलचं जेवण म्हणजे भिंत चाटल्यासारखं. मुदपाकखान्यातल्या पोरीला पटवलं, व्हिनेगर, आलं, कांदा, मिरची. सडका भाग टाकून दिला हं, कसला वास येत होता. पण बाकीचं काय ताजं होतं."

टेबलाच्या मध्ये काचेचं भांडं होतं. तळाला पाचसहा तुकडे उरले होते.

 नीनिंग खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. बोहोलच्या माणसानं घरून ताजं गुसो आणलं म्हणजे ते खायलाच, यात नांगचं काय चुकलं होतं? तिनं सांगितलंच नव्हतं. कुणाच्या मनात तरी आलं असतं का?

"तो नमुना होता, नांग," शेवटी ती म्हणाली. "डॉक्टरांना दाखवायचा."

नांग बीसिंगच्या हातातला चमचा तसाच राहिला. चेहरा उतरला. "अगं बाई. अगं, मला वाटलं आईनं दिलंय."

टेबलावर तिसरा माणूस होता. पांढरी टोपी, उन्हानं काळा पडलेला, साठीच्या आसपासचा. छातीवरच्या चिठ्ठीवर नाव होतं हाजी जुल्मानी, गाव सितांकाई, म्हणजे अगदी दक्षिणेच्या टोकाचं. शनिवारी त्याला उत्तम शेतकऱ्याचं मानपत्र मिळणार होतं. दोन दिवस कोणी त्याच्याशी बोललं नव्हतं, आणि डुकराच्या मांसाच्या भीतीनं तो नुसता भात आणि केळी खाऊन राहिला होता. ते नांगनं पाहिलं आणि ती त्याच्यापुढं जाऊन बसली, भांडं सरकवून म्हणाली, हे समुद्राचं आहे, खुशाल खा.

तो अजून चावत होता. हळूहळू, एका बाजूनं, डोळे बारीक करून.

"हे कोणी लावलं?" त्यानं विचारलं. त्याची भाषा मोडकी होती, शब्द जपून टाकत होता.

"आमच्या बेटावरचं आहे," नीनिंग म्हणाली. तिचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं. एक वाजून चौदा मिनिटं.

"आजारी आहे हे."

"हे नाही. आजारी टाकून दिलं. हे धड होतं."

"धड नाही." त्यानं भांड्यातला एक तुकडा बोटांत धरून उजेडाकडे केला. "धड गुसो दाताखाली काकडीसारखं वाजतं. हे वाकतं. आठ दिवसांत हेही पांढरं झालं असतं. आणि बघ, ही बाजू तपकिरी, ही फिकी. अख्ख्या तुकड्याला ऊन एकसारखं लागलेलं नाही. एका बाजूला कोणीतरी चिकटून बसलं होतं. दोन तुकड्यांत अंतर किती ठेवता?"

"अर्धी वीत."

त्यानं तुकडा खाली ठेवला. "पाणी किती वाहतं तिथं?"

"अमिहान, तो ईशान्येचा वारा, होता तोवर वाहत होतं. आता पडलंय. ओहोटीला गुडघाभर, गरम असतं."

"अर्धी वीत, पडलेलं पाणी, वरून भाजणारं ऊन," असंच काहीसं तो आपल्या भाषेत पुटपुटला, आणि मग तिला कळेल असं बोलला, "पोरी, एका चटईवर दहा माणसं झोपवलीस तर सगळ्यांनाच ताप यायचा. आमच्याकडं सत्याहत्तर साली असंच झालं. माझी निम्मी शेती गेली."

घड्याळात एक वाजून अठरा. जेवणघराच्या काचेतून हॉटेलचं दार दिसत होतं. डॉ. मोरिवाकी बॅग हातात घेऊन तिथं येऊन उभे राहिले होते आणि घड्याळ बघत होते. शब्दाला जागलेला माणूस.

"जा, जा लवकर," नांग बीसिंग म्हणाली. "निदान तोंडी तरी सांग."

नीनिंगनं खुर्ची सोडली. दोन पावलं गेली. डॉक्टर सांगतील, नमुना पाठवा. पत्र जाईल, उत्तर येईल, जून उजाडेल. ती माघारी वळली आणि हाजींच्या समोर बसली.

"निम्मी गेली, मग उरलेली कशी वाचवलीत?"

वही उघडली होती. ती लिहीत होती तेव्हा काचेपलीकडे गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. तिनं मान वर केली नाही.

हाजींचं सांगणं थोडक्यात होतं. पांढरं दिसेल ते तोडून किनाऱ्यावर न्यायचं, पाण्यात टाकायचं नाही. उरलेल्यातले फक्त टोकाकडचे कोवळे तुकडे ठेवायचे. दोऱ्या खाडीच्या मुखाशी न्यायच्या, जिथं पाण्याची ओढ पायाला जाणवते. आणि दोन तुकड्यांत पुरती एक वीत. त्यानं खिशातून वीत-वीत अंतरावर गाठी मारलेली एक काळपट दोरी काढून तिच्या हातात दिली. "परिषदेत कोणी विचारलं तर दाखवायला आणली होती. कोणी विचारलं नाही."

"हे रविवारी करता येईल?"

"चंद्र कितवा आहे?" त्यानं उलट विचारलं.

तिनं बोटांवर मोजलं. शनिवारी अमावास्या. उधाणाची मोठी ओहोटी शनिवारी आणि रविवारी पहाटेच. त्यानंतर भांग, म्हणजे मंद भरती-ओहोटीचे दिवस. आठ-दहा दिवस पाणी इतकं उतरणार नाही की खुंट ठोकता येतील. आणि रविवारी पहाटे सगळे प्रार्थनेच्या कपड्यांत नोंग ताशोंच्या बाजूनं बसलेले असतील.

बोट पाच वाजता सुटणार होती. आज.

सर आम्पेर सभागृहाच्या दारात आपल्या कागदांवरून नजर फिरवत होते. तिनं सगळं सांगितलं. अर्ध्या वितीचंही.

"हळू बोल," ते म्हणाले. "ती लावणी तूच करून घेतलीस तिथं."

"हो सर. पुस्तिकेप्रमाणं."

"मग? पहिल्या वर्षी माल दुप्पट आला की नाही? यंदा ऊन जास्त आहे, त्याला मी काय करू? मंचावर जायला दहा मिनिटं आहेत आणि तू हे आत्ता काढतेस." त्यांनी कपाळ पुसलं. "सोमवारी बघू. निवांत बसून बघू."

"सोमवारी एवढी ओहोटी नसेल, सर. मी पाचच्या बोटीनं जाते."

"संध्याकाळी नाच आहे."

"माझी टोपी नांगकडं दिलीय."

"हजेरीचं प्रमाणपत्र उद्या समारोपाला मिळतं. ते नसलं तर हे तीन दिवस तू कामावरच नव्हतीस असं धरलं जाईल. डिसेंबरात तुझा करार माझ्यापुढं येतो, नीनिंग. मला काय लिहायला लावशील, याचा विचार कर." त्यांच्या आवाजात धमकी कमी आणि अजीजी जास्त होती. तेच तिला जड गेलं.

तिनं तक्ते क्रमानं लावून ठेवले. शेवटचा तक्ता बागाकायचा होता, तिनं स्वतःच्या हातानं रंगवलेला, हिरवी रेघ वर चढत गेलेली. ती त्याच्याकडे क्षणभर बघत राहिली आणि निघाली.

शनिवारी पहाटे छोट्या होडीतून ती बेटाशी आली तेव्हा पाणी उतरायला लागलं होतं. प्रिमो आणि वडील खुंटांजवळ उभे होते. थोड्या वेळात पाचपन्नास माणसं गुडघाभर पाण्यात गोळा झाली. नोंग ताशो होडीच्या काठावर बसले होते. पायाशी गोणपाट होतं आणि त्याखाली काचेचा आवाज येत होता.

"आज शनिवार आहे," ते म्हणाले. "पळून आलीस की हाकललं?"

"पळून आले."

कोणीतरी हसलं.

"काय म्हणाला जपानी?"

"त्यांना दाखवायचं राहिलं. सितांकाईच्या एका शेतकऱ्यानं सांगितलं." तिनं गाठींची दोरी वर धरली. बोलायचं ते बोटीत शंभरदा घोकलं होतं. "आपलं अंतर चुकलं. अर्धी वीत ठेवली म्हणून हे झालं. आणि अर्धी वीत तुम्हाला मी सांगितली होती. पुस्तिका ऑफिसची होती, पण दारोदार जाऊन सांगणारी मी. त्याआधी तुम्ही वीतभरच लावत होता."

 ओहोटीचं पाणी खुंटांभोवती आवाज करत होतं.

"म्हणजे दोन वर्षं तू आम्हाला बुडवत होतीस," नोंग ताशो सावकाश म्हणाले.

"हो."

"आणि आता म्हणतेस, पुन्हा तुझंच ऐका."

"या दोन ओहोट्यांपुरतं ऐका. दोऱ्या मुखाशी हलवू. पुढच्या अमावास्येला पुन्हा पांढरं दिसलं तर खुंट मी स्वतः उपटीन."

म्हाताऱ्यानं गोणपाटावरचा हात काढला नाही. तो तिच्याकडे बघत नव्हता, प्रिमोकडे बघत होता. प्रिमो पाण्यात वाकला होता. डाव्या हातानं दोरीची गाठ सुटेना तेव्हा त्यानं ती दातात धरली आणि ओढली. वडील दुसऱ्या टोकाशी गेले. मग शेजारची विधवा आली, मग तिचे दीर. काही जण मात्र घरी निघून गेले, आणि त्यांच्याकडे पाठ करून बाकीचे कामाला लागले.

पाणी चढायला लागलं तेव्हा बावीस घरांच्या दोऱ्या हलल्या होत्या. रविवारी पहाटे अजून एकोणीस घरं आली. नोंग ताशो शेवटी आले. दोरी मोजून बघितली आणि म्हणाले, "माझी वीत मोठी आहे. तुझ्या हाजीला सांग."

मे महिन्याच्या अमावास्येला मुखाशी लावलेलं गुसो तपकिरी होतं आणि दाताखाली वाजत होतं. ज्यांनी हलवलं नाही त्यांचं सगळं गेलं, आणि त्यातल्या चार-पाच घरांनी बाटल्या पुन्हा काढल्या. हेही लिहायला हवं. पण बेट बाटल्यांकडे वळलं नाही.

त्या शुक्रवारी सभागृहात काय घडलं ते नांग बीसिंगनं नंतर इतक्या वेळा सांगितलं की ऐकणाऱ्यांना पाठ झालं होतं. सरांचं भाषण संपलं, टाळ्या झाल्या, आणि मागून पांढरी टोपी उभी राहिली. "सर, तुमच्या बेटाची कोशिंबीर आज दुपारी खाल्ली," हाजी म्हणाले. "किती विती अंतर ठेवता, हे जरा पुन्हा सांगाल का?"

सर आम्पेरना पुढं मनिलात बदली मिळाली. 'दुप्पट लावणी' पुन्हा छापली गेली नाही. निवृत्तीनंतर ते एकदा बागाकायला आले, नीनिंगच्या घरी जेवले, आणि त्या दिवसाबद्दल दोघंही बोलले नाहीत. करार डिसेंबरात संपला तो संपलाच. त्यांनी वाईट काही लिहिलं नव्हतं, नुसतं काहीच लिहिलं नव्हतं.

डॉ. मोरिवाकींना तिनं जूनमध्ये पत्र पाठवलं, नमुन्याचं काय झालं ते खरं खरं कळवून. त्यांचं उत्तर आलं. दारापाशी दहा-बारा मिनिटं थांबलो होतो, आणि कोशिंबिरीची कृती पाठवावी, असं त्यात होतं.

हाजी जुल्मानींना मानपत्र मिळालं. त्यांच्या मुलानं सांगितलं की ते त्यांनी वाळत्या मासळीवर झाकण म्हणून ठेवलं होतं. हाजी एक्याण्णव साली गेले. नोंग ताशो त्याच्या आदल्या वर्षी, अंथरुणात, दोन्ही हात शाबूत. प्रिमोनं मुखाशी स्वतःच्या दोनशे दोऱ्या केल्या आणि गाठी दातांनीच मारत राहिला.

नांग बीसिंग एकोणीस परिषदांना गेली. शेवटच्या दोनदा तिला चालवत नव्हतं तेव्हा नीनिंग तिला जेवणघरात नेई आणि अनोळखी माणसांच्या टेबलावर बसवून स्वतः दुसरीकडे जाई.

नीनिंगनं पुढची सगळी वर्षं गुसोच लावलं. शहाण्णव साली त्याच हॉटेलात तिला बोलायला बोलावलं. नमुने ठेवलेल्या टबावर तिनं मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावली होती: हे खायचं नाही. हाजींची काळपट दोरी अजून तिच्या घरी खुंटीला आहे. नव्या सुनेला पहिल्यांदा पाण्यात नेताना ती काढतात, आणि सुनेची वीत तिच्याशी जुळवून बघतात.